‘पेज तरी वाढ गं माय’: स्थलांतरितांच्या चित्रणामागचा इतिहास

१९४३मध्ये बंगालच्या खेड्यांतून उपाशी कुटुंबं कलकत्त्यात येऊ लागली. युद्धामुळे ब्रह्मदेशचा तांदूळ बंद झाला होता, जपानी सैन्याच्या धास्तीने सरकारने होड्या काढून घेतल्या होत्या आणि साठेबाजांमुळे भाव कडाडले होते. दारोदार एकच हाक ऐकू यायची, ‘फॅन दाओ गो, मा’. भात मागायची आशाच उरली नव्हती. मागणं होतं ते भाताच्या पेजेचं. या दुष्काळात सुमारे ३० लाख माणसं गेली. आपल्याकडे स्थलांतरिताचं आधुनिक चित्रण इथूनच सुरू झालं, असं मला वाटतं.

झैनुल आबेदिन तेव्हा कलकत्त्याच्या सरकारी कलाशाळेत शिकवत होते. सामान बांधायच्या स्वस्त कागदावर, कोळशापासून स्वतः बनवलेल्या शाईने त्यांनी रस्त्यावरची माणसं रेखाटली. मोजक्याच जाड रेघा, उकिरड्यावर वाकलेले देह आणि शेजारी टपलेले कावळे. मागे घर नाही, झाड नाही. गाव सुटलेल्या माणसाभोवती काढण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

चित्रकार चित्तप्रसाद यांची वाट वेगळी. ते मिदनापूर जिल्ह्यात गावोगाव हिंडले आणि रेखाटनांसोबत त्या माणसाचं नाव, गाव, हकीकतही टिपत गेले. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते, कारण उपासमारीने आधी माणसाची ओळखच पुसली जाते. त्यांचं ‘हंग्री बेंगॉल’ हे पुस्तक मुंबईत छापलं गेलं. ब्रिटिश सरकारने त्याच्या ५००० प्रती जप्त करून जाळल्या. याच काळात सुनील जाना कॅमेरा घेऊन दुष्काळी भागात फिरत होते. त्यांचे फोटो आणि चित्तप्रसादांची चित्रं कम्युनिस्ट पक्षाच्या मुंबईहून निघणाऱ्या नियतकालिकात छापली जात. पुढे १९४६पासून चित्तप्रसाद स्वतःच मुंबईकर झाले. अंधेरीत राहून त्यांनी राबणाऱ्या मुलांची लिनोकट, म्हणजे लिनोलियमवर कोरून कागदावर छापलेली, चित्रं केली.

सत्तरच्या दशकात चित्रकार सुधीर पटवर्धन पुण्याहून वैद्यकीय शिक्षण घेऊन मुंबईत आले आणि ठाण्यात रेडिओलॉजिस्ट म्हणून काम करू लागले. त्यांच्या चित्रांतली माणसंही पोटासाठी शहरात आलेली, पण ती हात पसरत नाहीत. दणकट, रुंद खांद्यांची ही माणसं इराण्याकडे चहा पितात, लोकलने जातात. दयेची जागा इथे बरोबरीने घेतली. ‘इराणी रेस्टॉरंट’ १९७७चं. १९८२च्या गिरणी कामगारांच्या संपानंतर गिरणगाव उजाड होत गेलं, आणि २००१च्या ‘लोअर परळ’मध्ये त्यांनी बदलत्या गिरणगावालाच चित्राचा विषय केलं.

छायाचित्रकार सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे कृष्णधवल फोटो वर्षानुवर्षे काढले. यातली कितीतरी कुटुंबं दुष्काळी गावांतून शहरात आलेली. मॅनहोलमधल्या कामगारासोबत त्यांनी त्याचं घर आणि मुलंबाळंही दाखवली. २०१६मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.