नजर बांधलेला आरसा

"दाजी, आरसा गेला वाटतं," मेहुणा म्हणाला. संध्याकाळचे पाच वाजले असतील. आम्ही मुंबईहून साताऱ्याला निघालो होतो, खालापूरचा टोलनाका नुकताच मागे पडला होता. पाठीमागे सूर्य कलत होता आणि गाडीतला मधला आरसा भर उजेडात शेवाळी निळा पडला होता. सर्व्हिस सेंटरमधल्या माणसाने आधीच निकाल दिला होता: सेन्सर गेलाय, अख्खा मिरर बदलावा लागेल. खर्चाचा आकडा ऐकल्यावर मेहुण्याने निळ्या आरशातच दिवस काढायचं ठरवलं होतं.

मी हात वर करून आरशाची विंडशील्डकडची बाजू चाचपली. दांड्याला लाल दोऱ्याने एक काळी बाहुली बांधलेली होती, नवी गाडी घेतली तेव्हा कुणीतरी दिलेली. ती बाजूला सरकवली. दहाएक सेकंदांत निळी झाक उतरली आणि मागचा रस्ता लख्ख दिसू लागला.

रात्री मागून झोत आला की आपोआप काळवंडणाऱ्या या आरशांबद्दल एक गैरसमज सर्रास आढळतो. उन्हात काळ्या होणाऱ्या चष्म्यासारखीच ही काच असणार, असं लोकांना वाटतं. त्या चष्म्यात उजेड स्वतःच रसायन बदलतो. अतिनील किरण पडले की काच काळवंडते. (म्हणूनच तो चष्मा गाडीत फारसा काळा होत नाही. विंडशील्ड बरेचसे अतिनील किरण वाटेतच अडवते.) आरशाचं तसं नाही. मागच्या ट्रकने अप्पर मारला तरी त्या उजेडाने काच काळी होत नाही. उजेड फक्त चहाडी करतो, काम करतात इलेक्ट्रॉन.

चहाडी ऐकायला आरशाला दोन डोळे, म्हणजे उजेड ओळखणारे सेन्सर, आहेत. एक विंडशील्डकडे बघतो, दुसरा मागच्या काचेकडे. पुढचा डोळा ठरवतो, बाहेर रात्र आहे का. मागचा सांगतो, पाठीमागून कुणी झोत मारतोय का. दोन्हींचं उत्तर 'हो' आलं तरच सर्किट काचेला वीज देतं. दिवसा पुढच्या डोळ्याला आभाळ दिसत असतं, त्यामुळे मागून ऊन आलं तरी आरसा ढिम्म राहतो. बाहुलीने पुढचा डोळा झाकला, आरशाच्या लेखी रात्र झाली आणि मागून आलेला सूर्य त्याला ट्रक वाटला. नजर लागू नये म्हणून बांधलेल्या वस्तूने आरशाचीच नजर बांधली! मी मेहुण्याला म्हटलं, रस्त्यावर नजर लागतच असेल तर ती मागच्या गाडीच्या बेकायदा एलईडी दिव्यांची, आणि तिच्यावरचा उतारा हा आरसाच आहे. तो हसला नाही.

हे काम पूर्वी एका खटक्यावर व्हायचं, आणि ती युक्ती मला आजही आवडते. जुन्या आरशाची काच पाचरीसारखी, वर जाड नि खाली निमुळती असते. चांदीचा मुलामा तिच्या पाठीवर असतो. खटका ओढला की मुलाम्यावरून परतणारा उजेड गाडीच्या छताकडे वळतो आणि आपल्याला दिसतं ते काचेच्या पुढच्या पृष्ठभागावरचं प्रतिबिंब. साधी काच जेमतेम ४ टक्के उजेड परतवते. तेवढ्यात मागचे दिवे दिसतात, डोळे दिपत नाहीत.

आपोआप काळवंडणारी काच बाजारात आणली ती अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या जेंटेक्स कंपनीने, १९८७ साली. कंपनी १९७४ मध्ये सुरू झाली ती धूर ओळखणारी यंत्रं बनवायला. उजेड मोजण्याचा सराव तिथला. १९८२ मध्ये त्यांनी खटका मोटरने ओढणारा आरसा करून पाहिला. मग हार्लन बायकर या रसायनशास्त्रज्ञाने मोटर बाजूला सारून काचेतच रसायन भरलं. इथून पुढे मला आवरणं कठीण आहे, तेव्हा वाचकांनी सांभाळून घ्यावं.

दोन काचा, मध्ये साधारण ०.१ मिलिमीटरची फट. दोन्ही काचांच्या आतल्या अंगाला इंडियम टिन ऑक्साइडचा पारदर्शक, तरीही वीज वाहून नेणारा थर. मागच्या काचेच्या पाठीवर आरशाचा मुलामा. फटीत प्रॉपिलीन कार्बोनेट नावाचा द्रव, थोडा घट्ट केलेला. त्यात दोन रसायनं विरघळलेली आहेत: एक व्हायोलोजेन, दुसरं फेनाझिन कुळातलं. दोन्ही आपल्या मूळ स्थितीत जवळपास रंगहीन असतात.

आता काचांना सव्वा व्होल्टच्या आतबाहेर दाब द्या. दहावीत शिकलेलं आठवा: ऋणाग्रावर क्षपण, धनाग्रावर ऑक्सिडीकरण. ऋणाग्राशी व्हायोलोजेन एक इलेक्ट्रॉन घेतं, धनाग्राशी फेनाझिन एक इलेक्ट्रॉन देतं. व्हायोलोजेनच्या रेणूत दोन षटकोनी कडी जोडलेली असतात. मूळ स्थितीत त्यांचे इलेक्ट्रॉन इतके घट्ट बांधलेले असतात, की त्यांना हलवायला अतिनील किरणांची ऊर्जा लागते. दृश्य उजेड सरळ आरपार जातो. पाहुणा इलेक्ट्रॉन आला की तो दोन्ही कड्यांवर पसरून राहतो, ऊर्जेच्या पायऱ्या जवळ येतात आणि ६०० नॅनोमीटरच्या आसपासचा नारिंगी उजेड शोषला जाऊ लागतो. नारिंगी गेला, उरला निळा. फेनाझिनच्या बाजूला हिरवट रंग येतो. दोन्ही मिळून आपला शेवाळी निळा.

शिवाय उजेडाला हा थर दोनदा ओलांडावा लागतो, जाताना आणि परतताना. थराने ३० टक्के उजेड सोडला तर परतून येतो तो ३० टक्क्यांच्या ३० टक्के, म्हणजे ९.

खरी गंमत पुढे आहे. इलेक्ट्रॉन घेतलेले आणि दिलेले रेणू जागच्या जागी बसत नाहीत. ते द्रवात भरकटत फटीच्या मध्याकडे येतात आणि तिथे एकमेकांना भेटतात. एकाकडे इलेक्ट्रॉन जास्त, दुसऱ्याकडे कमी. देणंघेणं मिटतं, दोघेही पुन्हा रंगहीन. म्हणजे काच काळी ठेवायची तर वीज सतत द्यावी लागते, जसं भोक पडलेल्या बादलीत पाणी राखायला नळ चालू ठेवावा लागतो. आणि वीज गेली, वायर तुटली, फ्यूज उडाला, तर काच आपोआप स्वच्छ होते. बिघडली तरी तुम्हाला आंधळं करत नाही. लवकर स्वच्छ करायची असेल तर सर्किट दोन्ही अग्रं एकमेकांना जोडून देतं.

या भरकटण्याला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाच्या पटीत वाढतो. ०.१ मिलिमीटरच्या फटीला दहा सेकंद लागत असतील तर १ मिलिमीटरच्या फटीला हजार सेकंद, पाव तासाहून जास्त लागतील. सगळा आरसा त्या केसाएवढ्या फटीवर चालतो. थंडीत द्रव घट्ट होतो, म्हणून हिमालयात पहाटे आरसा आळशीपणा करतो. तो बिघाड नव्हे.

जाता जाता, व्हायोलोजेन हे नाव लिओनोर मायकेलिसने १९३३ मध्ये दिलं, त्या जांभळ्यानिळ्या रंगावरूनच. याच कुळातला एक भाऊ शेतकऱ्यांच्या चांगल्या ओळखीचा आहे: पॅराक्वाट हे तणनाशक. तणाच्या पानात तोही इलेक्ट्रॉनच उचलतो, पण लगेच ऑक्सिजनला देऊन टाकतो आणि त्यातून पेशी जळतात. आरशात ऑक्सिजन शिरू नये म्हणून कडा पक्क्या बंद केलेल्या असतात.

तर आरसा बिघडलाय असं वाटलं की आधी घरीच तपासा. गाडी उभी करून इग्निशन ऑन करा, आरशावरच्या बटणाजवळचा दिवा लागलाय ना बघा. पुढचा डोळा अंगठ्याने झाका आणि मागच्या डोळ्यावर मोबाइलचा टॉर्च धरा. काही सेकंदांत काच निळी झाली आणि टॉर्च बंद केल्यावर उतरली, तर आरसा ठणठणीत आहे. दोष डोळ्यांपुढे आलेल्या वस्तूंचा. बाहुली, प्लास्टिकच्या फुलांचा हार, डॅशकॅम, धूळ. फास्टॅग आरशामागेच चिकटवायला सांगतात, तोही कधी नेमका पुढच्या डोळ्यासमोर येतो. तो सोलून पुन्हा लावता येत नाही, त्यामुळे चिकटवण्याआधीच डोळा कुठे आहे ते पाहून घ्यावं.

काहीच झालं नाही, तर फ्यूज आणि आरशामागचा प्लग बघा. मग मागचा पांढरा दिवा उगाच पेटलेला नाही ना, ते बघा. रिव्हर्स गिअर टाकला की आरसा मुद्दाम स्वच्छ राहतो. रिव्हर्सचा स्विच अडकला असेल तर बिचारा कायम रिव्हर्समध्येच असल्यासारखा वागतो. शहरात पथदिव्यांखाली काच काळी होत नाही, कारण पुढच्या डोळ्याला तिथे पुरेसा उजेड दिसतो. यावर कुणी रात्रीचा पिवळा चष्मा विकायला आला तर घेऊ नका. तो झोताबरोबर कडेने चालणारा माणूसही अंधुक करतो.

काच तपासायला बॅटरीचे १२ व्होल्ट थेट तिच्या तारांना मात्र कधीही देऊ नयेत. सव्वा व्होल्टच्या रसायनांचा तिथेच निकाल लागतो.

कडेने बुडबुडा किंवा पिवळा डाग दिसला तर सील फुटलं असं समजावं. त्याला दुरुस्ती नाही, काच बदलावी लागते, आणि लवकर. गळणारा द्रव डॅशबोर्डचं प्लास्टिक खराब करतो. हातमोजे घालून पुसावा, भरपूर पाण्याने धुवावा.

मेहुण्याची बाहुली आता मागच्या बंपरला लटकते. परवा त्याचा फोन आला: "दाजी, रिव्हर्स टाकला की पार्किंग सेन्सर उगाच ओरडतोय."