बूथ यांची दारिद्र्य-पाहणी : पैजेची गोष्ट खरी नव्हे

नाशिकमध्ये समाजकार्याचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या टिपणांत एक गोष्ट वर्षानुवर्षे उतरवली जाते : समाजवादी नेते हाइंडमन यांनी पाहणी करून लंडनमधील 25 टक्के कामगार दरिद्री असल्याचे जाहीर केले, ते खोडून काढण्यासाठी ब्रिटिश उद्योजक व समाज-संशोधक चार्ल्स बूथ यांनी जणू पैजेने स्वतः मोजणी केली आणि आकडा 30.7 टक्के निघाला. यातील शेवटचा आकडा तेवढा बूथ यांचा आहे. बाकी कथेचा मुख्य आधार हाइंडमन यांचे 1911 सालचे आत्मचरित्र, म्हणजे बूथ यांनी 1886 मध्ये काम हाती घेतल्यानंतर पंचवीस वर्षांनी सांगितलेली आठवण. तीत उल्लेखिलेल्या पाहणीचा समकालीन पुरावा इतिहासकारांना सापडलेला नाही. बूथ तर 1886 च्या आधीपासूनच जनगणनेतील व्यवसायांचे आकडे तपासत होते. पुढे त्यांनी घरोघर फिरणाऱ्या शाळा-मंडळाच्या निरीक्षकांकडून कुटुंबांची माहिती मिळवली आणि नकाशांवर रस्त्यारस्त्याला तिथल्या आर्थिक स्थितीनुसार रंग दिला. ही चिकाटी पैजेच्या गोष्टीखाली झाकली जावी, याचे मनापासून वाईट वाटते. या पाहणीच्या ग्रंथाचा पहिला खंड 1889 मध्ये आला. 17 खंडांचे काम 1903 पर्यंत चालले.