जोडायची स्लिप वेगळी, ओतायची वेगळी

पीओपीचा साचा विकत आणायचा, चाकावर उरलेली माती पाण्यात कालवून त्यात ओतायची आणि कप साच्याला चिकटून बसला की "साचाच खराब दिला" म्हणून विकणाऱ्याशी भांडायचं! घरी पॉटरी सुरू करणाऱ्यांचं हे इतक्यांदा ऐकलंय की आता कंटाळा आलाय. साच्याचा बिचाऱ्याचा दोष नसतो. त्यात ओतलेली स्लिप, म्हणजे पाण्यात कालवलेली माती, ओतायच्या जातीची नसतेच.

जोडायची स्लिप तुम्हाला ठाऊकच आहे. मगाला कान लावताना दोन्ही बाजू खरवडून मध्ये भरतो तो चिखल. तीच माती, थोडं पाणी, काही जण दोन थेंब व्हिनेगर घालतात. झालं.

ओतायच्या स्लिपमध्ये आणखी एक वस्तू लागते: डीफ्लॉक्युलंट, म्हणजे मातीचे कण एकमेकांपासून सुटे ठेवणारं रसायन, बहुधा सोडियम सिलिकेट. सगळा घोळ इथेच होतो, कारण लोकांना वाटतं पातळपणा पाण्याने येतो. मातीचे कण चपटे असतात. त्यांच्या पृष्ठभागांवर ऋण भार असतो, कडांवर बरेचदा धन. नुसत्या पाण्यात एकाची कड दुसऱ्याच्या पृष्ठभागाला चिकटते, पत्त्यांचा बंगला उभा राहतो आणि त्याच्या खोल्यांत पाणी अडकून पडतं. माती घट्टच वाटते, म्हणून आपण आणखी पाणी ओततो. सोडियम सिलिकेट कडांवरचा धन भार निकामी करतं, कण एकमेकांना दूर ढकलतात, अडकलेलं पाणी सुटतं आणि एक थेंब जास्तीचा न घालता माती वाहू लागते. व्हिनेगरचं काम बरोबर याच्या उलट. चिकटवायच्या चिखलात ते चालतं, ओतायच्या स्लिपच्या जवळही नको. बोअरचं जड पाणीही त्याच कारणाने टाळा.

विश्वास नसेल तर लिटरभर स्लिप स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा. चांगली ओतायची स्लिप १७५० ते १८०० ग्रॅम भरते. त्यात साधारण १२०० ते १३०० ग्रॅम कोरडी माती, पाचशे-साडेपाचशे ग्रॅम पाणी. नुसत्या पाण्याने पातळ केलेली माती १४०० ग्रॅमच्या आसपास येते, म्हणजे वजनात मातीपेक्षा पाणीच जास्त. पीओपीचा साचा स्लिपमधलं पाणी शोषतो, म्हणूनच आतून मातीचा थर धरतो; इथे ते सगळं पाणी त्याला प्यावं लागतं. साचा भिजून गच्च होतो, शोषणं मंदावतं, आतला थर गिळगिळीत राहतो आणि सुटत नाही. सुटलाच तर वाळताना इतका आकसतो की तडकतो. नीट स्लिप, कोरडा साचा असेल तर पंधरा-वीस मिनिटांत चार-पाच मिलिमीटरचा थर धरतो. उरलेली स्लिप उपडी करून काढली की काही वेळाने कपाची चमक जाते, काठ आणि पीओपी यांच्यामध्ये केसाएवढी फट दिसते. मग कप काढायला जोर लावावा लागत नाही.

हे कळल्यावर काही जण दुसऱ्या टोकाला जातात आणि सिलिकेट अंदाजाने ओततात. पाच किलो कोरड्या मातीला सव्वादोन लिटर पाणी आणि १५ ग्रॅम सिलिकेट, सुरुवातीला एवढंच. आधी पाण्यात सिलिकेट, मग माती. पुढे लागलं तर थेंबाथेंबाने. जास्त झालं तर स्लिप पुन्हा दाट होते, कप ठिसूळ निघतो आणि सिलिकेट साच्यातल्या जिप्समशी (घट्ट झालेली पीओपी म्हणजे जिप्समच) क्रिया करून आतली नक्षी खाऊन टाकतं. साच्याच्या बाहेरच्या अंगाला जुन्या भिंतीसारखा पांढरा लोणा येतो तो यातूनच तयार झालेल्या सोडियम सल्फेटचा. थोडाफार येणारच. कोरड्या ब्रशने झाडा, नळाखाली धरू नका.

साच्याला तेल किंवा साबण लावायचा सल्ला देणाऱ्यांना तर मला हात जोडावेसे वाटतात. साबण साचा *बनवताना* लावतात. तयार साच्याला लावलात तर छिद्रं बुजली, साचा गेला. सुकवताना साच्याचे तुकडे जोडून रबराने बांधा आणि पंख्याखाली ठेवा. ओव्हनमध्ये नाही. पन्नासेक अंशांच्या वर जिप्सम स्वतःतलं पाणी सोडायला लागतं आणि पृष्ठभाग भुसभुशीत होतो. कप सोडवायला साच्याच्या आत सुरी घालू नका. पीओपीची कपची मातीत गेली की भाजल्यावर तिथून टवका उडतो. मुंबईच्या पावसाळ्यात साचा सुकायला दिवसच्या दिवस लागतात, घाई चालत नाही.

स्लिपचा रंग, वास, गाळायला कुठली चाळणी, असले फरक महत्त्वाचे नाहीत. गाठी राहू नयेत, बस्स.

पहिल्यांदा करणार असाल तर तयार स्लिप घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे. चाकाची लाल माती सिलिकेटला सहज दाद देत नाही, तिच्याशी झगडण्यात हौस संपते. साचा एकाच तुकड्याचा, वाटीसारखा उघडा. भट्टी घ्यायची गरज नाही, पुण्या-मुंबईचे कितीतरी स्टुडिओ भाजून देतात. फक्त आपली माती किती तापमानाची आहे ते आधी सांगा. १०५० अंशांची माती १२५० ला गेली तर वाटी वितळून शेल्फला चिकटते, आणि शेल्फचे पैसे तुमच्याच खिशातून जातात.