अमेरिकेचं राष्ट्रगीत म्हणे दारुड्यांचं गाणं!

दरवर्षी जुलैत हा फॉरवर्ड फिरतोच, की अमेरिकेच्या राष्ट्रगीताची चाल लंडनच्या गुत्त्यात झिंगलेल्या लोकांनी बनवली. अर्धं खरं आहे, म्हणूनच ते टिकून राहिलंय.

चाल इंग्लंडचीच, जॉन स्टॅफर्ड स्मिथची. पण मूळ गाणं होतं अ‍ॅनाक्रिऑन्टिक सोसायटी नावाच्या क्लबचं, आणि तिथले मेंबर म्हणजे हौशी संगीतप्रेमी, चांगले पैसेवाले जंटलमन लोक. आधी व्यवस्थित कॉन्सर्ट, मग जेवण, आणि त्यानंतर हे गाणं, तेही एकाने सोलो गायचं आणि बाकीच्यांनी फक्त शेवटच्या ओळी उचलायच्या. १७९१ मध्ये तर खुद्द नामवंत संगीतकार हायडन तिथे पाहुणा म्हणून गेला होता, आता बोला! शब्दांत वाइन आणि प्रेमाचं कौतुक आहे हे मान्य, बैठकाही टॅव्हर्नमध्येच व्हायच्या, पण ती चाल दीड सप्तकाची आहे हो, शुद्धीवर असलेल्यांचाही वरच्या सुरात घसा फाटतो, तिथे टल्ली माणूस काय गाणार?

दुसरी थाप म्हणजे राष्ट्रगीताचे शब्द लिहिणाऱ्या फ्रान्सिस स्कॉट कीने १८१४ ला बाल्टिमोरच्या किल्ल्यावरचा ब्रिटिशांचा मारा बघून कविता केली (इथवर खरं) आणि चाल तिला योगायोगाने जुळली. छे! ही चाल तोवर अमेरिकेत घरोघरी पोचली होती, १७९८ मध्ये तिच्यावर राष्ट्राध्यक्ष जॉन अ‍ॅडम्सच्या कौतुकाचं गाणं रचलं होतं, आणि खुद्द कीनेच १८०५ मध्ये तिच्यावर एक गाणं लिहिलेलं. अधिकृत राष्ट्रगीत मात्र १९३१ ला झालं.