रिंगवाल्याची भूमिती

जत्रेत पाळणे आणि खेळण्यांची दुकानं मागे टाकली की रिंगवाल्याचं पाल लागतंच. खाली अंथरलेल्या कापडावर साबण, बिस्किटांचे पुडे, पावडरचे डबे, मागच्या रांगेत एखादं घड्याळ, आणि पुढे आडवी दोरी. दोरीच्या बाहेरून रिंग टाकायची, ती वस्तूभोवती पूर्ण बसली तर वस्तू आपली. पैसे गेले की ‘लबाड आहे तो’ असं म्हणत माणसं पुढे सरकतात. मला वाटतं, त्याला लबाडीची गरजच नसते. रिंगेचं माप ठरवतानाच त्याचं काम झालेलं असतं.

हिशेब करून बघू. समजा साबण 9 सेंटिमीटर लांब आणि 6 सेंटिमीटर रुंद आहे आणि रिंगेचा आतला व्यास 12 सेंटिमीटर. डोळा लांबी बघतो आणि म्हणतो, चांगली 3 सेंटिमीटर जागा उरते की! पण रिंगेला सामावून घ्यायचा असतो साबणाचा कर्ण, आणि तो भरतो 10.8 सेंटिमीटर. म्हणजे रिंगेचं केंद्र साबणाच्या मध्यापासून लांबीच्या दिशेने फार तर 7 मिलिमीटर सरकलेलं चालेल, रुंदीच्या दिशेने जेमतेम 1 सेंटिमीटर. केंद्र पडायला हवं अशी ही जागा क्षेत्रफळात दीड चौरस सेंटिमीटरही भरत नाही. उलट रिंग साबणाला नुसती शिवावी किंवा त्यावर कुठेतरी पडावी एवढंच हवं असेल, तर केंद्र सुमारे 347 चौरस सेंटिमीटरमध्ये कुठेही चालतं. नेम न धरता फेकलेल्या आणि साबणापर्यंत पोचलेल्या दर 240 रिंगांमागे सरासरी एक बसेल. नेमबाज माणूस यापेक्षा बरं करेल हे खरं, पण हा आकडा सपाट पडणाऱ्या रिंगेचा आहे. साबणाला उंची असते आणि रिंग तिरकी येते, तो तोटा यात धरलेलाच नाही.

आता रिंग फक्त 2 सेंटिमीटरने मोठी करा, व्यास 14. जिंकण्याची जागा दीडवरून जवळजवळ 10 चौरस सेंटिमीटरवर जाते, म्हणजे सुमारे सातपट! दोरीबाहेर उभ्या असलेल्या माणसाला हा 2 सेंटिमीटरचा फरक जाणवतही नाही. रिंगवाल्याचा सगळा धंदा या फरकावर उभा आहे.

फेकलेली वस्तू कुठे पडेल, या प्रश्नाला गणितात मान मिळवून दिला तो फ्रान्सच्या ब्युफाँने. निसर्गाच्या अभ्यासासाठी गाजलेल्या या माणसाने 1733 मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे एका जुगाराचं गणित मांडलं. चौकोनी फरश्यांवर नाणं उडवायचं आणि ते एकाच फरशीत पडतं की सांध्यावर, यावर पैज लावायची. 10 सेंटिमीटरच्या फरशीवर 2 सेंटिमीटरचं नाणं टाकलं तर ते 100 पैकी 64 वेळा आत पडतं. नाणं 3 सेंटिमीटरचं घेतलं की 49 वेळाच. एका सेंटिमीटरने पैज फिरते. रेघांच्या जमिनीवर टाकलेली सुई रेघेवर पडेल का, हा त्याचा प्रश्न जास्त प्रसिद्ध झाला, पण मला फरशीचाच जास्त आवडतो, कारण त्यात रिंगवाला दिसतो.

मग लोक पुन्हा पुन्हा पैसे का देतात? कारण या खेळात साफ हरणं कमी आणि ‘थोडक्यात हुकणं’ फार. रिंग साबणाच्या कोपऱ्यावर टेकून तिरकी राहते आणि सगळे एकदम ‘अरेरे’ म्हणतात. केंब्रिजच्या ल्यूक क्लार्क आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये लोकांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये जुगाराचा खेळ खेळायला लावला. जिंकल्यावर मेंदूचे जे भाग जागे होतात, त्यांतले काही थोडक्यात हुकल्यावरही जागे झाले. हुकणं लोकांना आवडलं नव्हतं, तरी पुन्हा खेळावंसं मात्र वाटलं, आणि तेही निवड स्वतः केली असेल तेव्हाच. रिंग तर आपण आपल्याच हाताने टाकतो!

खेळायचंच असेल तर दोन गोष्टी कराव्यात. रिंग मनगटाने गरगर फिरवत, जमिनीला समांतर सोडावी. फिरणारी वस्तू आपला अक्ष सहजी बदलत नाही, त्यामुळे ती कमी कलते. हे महत्त्वाचं, कारण कललेल्या वर्तुळाची सावली लंबवर्तुळ होते आणि वाट अरुंद होते. आपल्या साबणाच्या बाबतीत ती नेमकी कर्णाच्या दिशेने आकसली, तर 26 अंशांचा कलही वाट बंद करायला पुरतो.

दुसरी गोष्ट वस्तू निवडण्याची. 9 सेंटिमीटर लांबीच्या साबणाऐवजी 9 सेंटिमीटर व्यासाचा गोल डबा धरा. त्याच 12 सेंटिमीटरच्या रिंगेला आता सगळीकडून दीड सेंटिमीटर मोकळीक मिळते आणि जिंकण्याची जागा 7 चौरस सेंटिमीटर होते, साबणाच्या जवळपास पाचपट. घड्याळाच्या नादाला मात्र लागू नये. ते चौकोनी ठोकळ्यावर ठेवलेलं असेल आणि रिंग ठोकळ्यासकट तळाशी जायला हवी असा नियम असेल, तर कर्ण मोजायचा तो ठोकळ्याचा.