कोड बदलला तरी उत्तर तेच का येतं?

समजा रत्नागिरीकडच्या बागेतले मोहराचे फोटो गोळा करून भुरी आणि करपा हे रोग ओळखणारं मॉडेल तुम्ही बनवताय. सेटिंगच्या फाइलमध्ये फोटोंचा साइज २२४ पिक्सेलवरून ३८४ केला, परत रन केलं, तर सगळं दोन सेकंदांत आटपलं आणि अ‍ॅक्युरसी शेवटच्या आकड्यापर्यंत जशीच्या तशी. असं झालं की मॉडेलवर शंका घेऊ नका, आधी कॅश, म्हणजे साठवून ठेवलेली जुनी उत्तरं, बघा, कारण पायऱ्या चालवणाऱ्या टूलने काम केलेलंच नसतं, मागचं उत्तर काढून हातात ठेवलेलं असतं.

कॅश हवीच, नाहीतर हजारो फोटो दरवेळी नव्याने तयार करत बसावं लागेल. टूल प्रत्येक पायरीचं आउटपुट साठवतं आणि त्याला एक की, म्हणजे ओळखीची खूण, लावतं, आंब्याच्या पेटीवर चिठ्ठी लावतात तशी, पुढच्या वेळी चिठ्ठी जुळली की पेटी न उघडता तीच पुढे सरकवली जाते. म्हणून सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न एकच: ही की तयार करताना टूलने काय काय धरलंय? ज्याने रिझल्ट बदलतो ते कीमध्ये नसेल तर शिळं उत्तर येतं, आणि ज्याने काहीच फरक पडत नाही ते कीमध्ये असेल तर उगाच सगळं पहिल्यापासून चालतं.

प्रत्येक टूलचं उत्तर वेगळं आहे. १९७६ साली बेल लॅब्समध्ये स्टुअर्ट फेल्डमनने बनवलेलं मेक हे टूल फक्त फाइल शेवटची बदलल्याची वेळ बघतं, त्यामुळे गिटवरून कोडची नवी प्रत उतरवली (क्लोन केली) की सगळ्या फाइलींवर आजची वेळ पडते आणि वेळेवरचा भरवसाच जातो. डेटाच्या आवृत्त्या सांभाळणारं डीव्हीसी फाइलच्या आतल्या मजकुराचा एमडी५ हॅश, म्हणजे मजकुरावरून काढलेला ठसा, काढतं, हे खूपच भक्कम, पण तुम्ही डिपेंडन्सी, म्हणजे त्या पायरीला लागणाऱ्या गोष्टी, म्हणून लिहून दिलेल्या फाइलींचाच! वरच्या उदाहरणात साइजवाली फाइल त्या यादीत नसेल तर डीव्हीसीच्या दृष्टीने काहीच बदललेलं नाही. पायऱ्या ओळीने चालवणारं नेक्स्टफ्लो साधारणपणे फाइलचा पाथ, साइज आणि वेळ धरतं, नेटवर्कवरच्या शेअर्ड डिस्कवर वेळा नीट जुळत नाहीत म्हणून त्यात वेळ सोडून देणारा लेनियंट मोड दिलाय. तयार मॉडेल आणि डेटा देणाऱ्या हगिंग फेसचं डेटासेट्स ही लायब्ररी तर तुमच्या फंक्शनचाच फिंगरप्रिंट काढतं, पण फंक्शन आतून एखादी फाइल वाचत असेल आणि त्या फाइलमधला मजकूर बदलला तर ते त्याला कळत नाही. आणि स्वतःची कॅश लिहिणाऱ्यांनी पायथनचं साधं हॅश फंक्शन स्ट्रिंगवर वापरू नये, ३.३ व्हर्जनपासून ते दर रनला वेगळा आकडा देतं म्हणजे ती की कधी जुळणारच नाही, त्याऐवजी पायथनमधलंच हॅशलिब वापरा.

आता एन्व्हायर्नमेंट, म्हणजे कोड ज्या पायथन आणि लायब्ररींवर चालतो ते. टर्मिनलमध्ये पिपने पॅकेज टाकलं आणि नोटबुक म्हणतं मॉड्यूल सापडत नाही, हे रोजचंच, दोघं वेगवेगळे पायथन वापरत असतात. दोन्हीकडे सिस डॉट एक्झिक्युटेबल प्रिंट करा, पाथ वेगळा दिसला की निम्मं काम झालं. लायब्ररीचं व्हर्जन हेसुद्धा इनपुटच आहे असं मी मानतो: जून २०२४ मध्ये आकडेमोडीच्या नमपाय या लायब्ररीचं २.० आलं तेव्हा जुन्या नमपायवर कंपाइल केलेली बरीच पॅकेजं चालेनाशी झाली. म्हणून लायब्ररींची नेमकी व्हर्जन लिहिलेली लॉक फाइल डिपेंडन्सीच्या यादीत घालाच.

आणखी एक ठिकाण चुकतं. हगिंग फेसच्या कॅशचा फोल्डर बदलायला एचएफ_होम हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल असतं, ते लायब्ररी इम्पोर्ट करायच्या आधी सेट करावं लागतं, नंतर केलं तर उपयोग नाही. शिवाय टर्मिनलच्या सेटिंगमध्ये लिहिलेलं क्रॉनला (ठरल्या वेळी काम चालवणारं) किंवा डॉकरला (वेगळ्या डब्यात प्रोग्रॅम चालवणारं) आपोआप मिळत नाही, मग तेच कित्येक जीबीचं मॉडेल दुसऱ्या फोल्डरात परत उतरतं आणि देवगड किंवा गुहागरच्या एखाद्या वाडीत मोबाइल डेटावर काम करणाऱ्याचा अख्खा दिवस जातो.

म्हणूनच "कॅश डिलीट कर" हा सल्ला मला अजिबात पटत नाही. पुण्यामुंबईत फायबरवर बसून तो देणं सोपं आहे, पण त्याने पुरावाही जातो आणि डाउनलोडही. त्याऐवजी आधी डीव्हीसी स्टेटस किंवा, स्नेकमेक हे तसलंच टूल वापरत असाल तर, त्याचा ड्राय रन (प्रत्यक्ष काम न करता चाचणी) चालवा, कुठली पायरी का चालणार ते टूल स्वतःच सांगतं. तरी कळलं नाही तर फक्त संशय असलेल्या पायरीची कॅश रिकाम्या फोल्डरकडे वळवा आणि दोन्ही आउटपुट ताडून बघा.

पावसाळ्यात आमच्याकडे लाईट कधीही जाते, आणि कॅशमध्ये फाइल लिहिता लिहिता मशीन बंद पडलं तर अर्धीच फाइल पुऱ्या नावाने पडून राहते, मग पुढचा रन तिला खरी समजून वाचायला जातो आणि भलताच एरर देतो. यावर उपाय साधा आहे, आधी टेम्पररी नावाने लिहायचं, पूर्ण झालं की त्याच डिस्कवर ओएस डॉट रिप्लेसने खरं नाव द्यायचं, आणि नाव देण्याआधी एफसिंक करून डेटा खरंच डिस्कवर गेलाय याची खात्री करायची.