आर्द्रता दाखवणारा थर्मोस्टॅट आणि आर्द्रता सांभाळणारा थर्मोस्टॅट

खोलीचे तापमान पाहून एसी किंवा हीटर चालू-बंद करणाऱ्या स्मार्ट थर्मोस्टॅटच्या खोक्यावर ‘आर्द्रता सेन्सर’ एवढेच छापलेले असते. त्यावरून ते यंत्र आर्द्रतेचे पुढे काय करणार, हे कळत नाही. काही थर्मोस्टॅट आर्द्रता फक्त पडद्यावर किंवा मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये दाखवतात. काही थर्मोस्टॅट ती ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की एसी जास्त वेळ चालवतात. आणि काहींच्या पाठीवर ह्युमिडिफायर (हवेत ओलावा सोडणारे यंत्र) किंवा डीह्युमिडिफायर (ओलावा काढणारे यंत्र) जोडायला वेगळे टर्मिनल, म्हणजे तार जोडायची जागा, असते. कमी खर्चात चांगली खरेदी करायची तर यांतले आपल्याला काय लागणार आहे, हे आधी ठरवा. घरात ह्युमिडिफायर नाही आणि बसवायचाही नाही, तर त्या टर्मिनलसाठी जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही. उलट, दमट हवेचा त्रास असताना नुसता आकडा दाखवणारे यंत्र घेतले, तर भिंतीवर एक महाग आर्द्रतामापक लागला, इतकेच होईल.

हा आकडा सापेक्ष आर्द्रतेचा असतो. त्या तापमानाला हवेत जास्तीत जास्त जेवढे बाष्प मावू शकते, त्याच्या किती टक्के बाष्प सध्या आहे, हे तो सांगतो. २० अंश सेल्सिअसला एका घनमीटर हवेत सुमारे १७ ग्रॅम बाष्प मावते, ३० अंशांना सुमारे ३० ग्रॅम. म्हणजे हवेतले पाणी तेवढेच राहिले आणि तापमान वाढले, तरी टक्केवारी खाली येते. थर्मोस्टॅटमधल्या बहुतेक चुकांचे मूळ इथेच आहे.

सेन्सर स्वतः सहसा वाईट नसतो. त्यात दोन इलेक्ट्रोडांमध्ये पॉलिमरचा अतिशय पातळ थर असतो आणि वरचा इलेक्ट्रोड सच्छिद्र असतो. पॉलिमर हवेतले बाष्प शोषतो. पाण्याचा विद्युतपारकता अंक (पदार्थामुळे इलेक्ट्रोडांमध्ये किती पट विद्युतभार साठतो तो आकडा) सुमारे ८०, तर अशा पॉलिमरचा जेमतेम तीन-चार. त्यामुळे थोडे पाणी शिरले तरी त्याची धारिता, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, मोजता येण्याइतकी बदलते. ही चिप आता स्वस्त झाली आहे. चांगल्या चिपची अचूकता २० ते ८० टक्क्यांच्या पट्ट्यात अधिक-उणे २ ते ३ टक्के असते आणि दोन्ही टोकांना ती घसरते. अगदी जुन्या, साध्या सेन्सरमध्ये हीच चूक ५ टक्के असते. तेव्हा शेजारी लावलेले दोन थर्मोस्टॅट ४७ आणि ५२ दाखवत असतील, तर त्यांतला एक बिघडलेला आहे असे मानू नका. दोघेही आपापल्या हमीत बसतात.

खरी गडबड थर्मोस्टॅटच्या आतल्या उष्णतेने होते. वाय-फायची चिप, रिले (विजेने चालणारा छोटा स्विच) आणि उजळ पडदा मिळून आतली हवा तापवतात. २० अंशांच्या खोलीत खरी आर्द्रता ५० टक्के असताना सेन्सरभोवतीची हवा एक अंशाने गरम झाली, तर आकडा ४७ येतो. दोन अंशांनी झाली तर ४४. काळजीने बनवलेल्या थर्मोस्टॅटमध्ये सेन्सर खालच्या कडेला, बाकीच्या सर्किटपासून खाच पाडून वेगळा ठेवलेला असतो आणि उरलेली उष्णता सॉफ्टवेअर हिशेबातून वजा करते. विकत घेताना खालच्या कडेला हवेची छिद्रे आहेत का, ते बघा. अ‍ॅपमध्ये तापमान आणि आर्द्रता या दोन्हींची दुरुस्ती स्वतः भरता येते का, हे तर नक्की तपासा. ही सोय असली की स्वस्त यंत्रही चांगले काम देते. सतत पेटता राहणारा पडदा असेल, तर तो मंद किंवा बंद करण्याची सोय वापरा.

दुरुस्ती किती भरायची, हे मिठाने काढता येते. तारांनी जोडलेला थर्मोस्टॅट डब्यात ठेवता येत नाही, म्हणून एक साधा डिजिटल आर्द्रतामापक आधी तपासून घ्यायचा. बाटलीच्या झाकणात साधे मीठ भरा आणि ओल्या वाळूसारखे होईल इतपतच पाणी थेंबाथेंबाने घाला. ते झाकण आणि मापक हवाबंद पारदर्शक डब्यात शेजारी ठेवा. मिठाचा मापकाला स्पर्श होऊ देऊ नका. डबा उन्हापासून दूर, तापमान फारसे बदलणार नाही अशा जागी दहा-बारा तास राहू द्या. मिठाच्या संपृक्त द्रावणावरच्या हवेची आर्द्रता २५ अंशांना ७५.३ टक्के असते आणि घरातल्या नेहमीच्या तापमानांना ती जवळपास तीच राहते. मापकाने ७१ दाखवले, तर तो चारने कमी दाखवतो. पाणी जास्त पडून सगळे मीठ विरघळले तर आर्द्रता ७५ च्या वर जाते आणि चाचणी फुकट जाते. दर वेळी डबा उघडून पाहिला तरी चाचणी फुकटच जाते. आता हा मापक थर्मोस्टॅटच्या लगत, वीतभर अंतरावर काही तास ठेवा आणि दोघांतला फरक अ‍ॅपमध्ये भरा. ही तपासणी एकाच बिंदूची आहे. ७५ ला जुळलेला मापक ३५ ला थोडा चुकू शकतो. घरातला दमटपणा आवरण्यासाठी मात्र ती पुरते.

जागा चुकली, तर हा सगळा हिशेब वाया जातो. आतली भिंत, जमिनीपासून साधारण दीड मीटर उंची, आणि ऊन, दिवा, स्वयंपाकघर, न्हाणीघर व एसीचा थेट झोत या सगळ्यांपासून लांब, अशी जागा हवी. भिंतीतून तारा येतात त्या भोकाकडे कुणाचे लक्ष जात नाही. पोकळ भिंतीतली हवा त्यातून थेट सेन्सरवर येते आणि तापमान व आर्द्रता दोन्ही भलतेच दिसतात. तारांभोवती थोडी पुट्टी किंवा फोम भरून ते भोक बुजवा.

मध्यवर्ती एसी किंवा हीटर असेल, तर जुना थर्मोस्टॅट काढण्याआधी मुख्य स्विच बंद करून तारांचा फोटो घ्या. बारीक, अनेक रंगांच्या, २४ व्होल्टच्या तारा आणि ‘आर’, ‘डब्ल्यू’, ‘वाय’, ‘जी’ अशी अक्षरे दिसली, तर बहुतेक स्मार्ट थर्मोस्टॅट तिथे चालतात. जाड तारा आणि १२० किंवा २४० व्होल्ट असा उल्लेख दिसला, तर तिथे हे यंत्र जोडू नका; ते जळेल आणि आगीचा धोकाही आहे. पुढचा प्रश्न ‘सी’ तारेचा. वाय-फायला सतत वीज लागते आणि ती या तारेतून मिळते. ‘सी’ नसताना काही थर्मोस्टॅट हीटर किंवा एसीच्याच सर्किटमधून थोडी वीज उचलतात. त्यामुळे काही यंत्रणांचे रिले कडकड वाजतात किंवा थर्मोस्टॅट मधूनच बंद पडतो. बऱ्याचदा भिंतीत गुंडाळून ठेवलेली एखादी मोकळी तार सापडते. ती नसेल, तर सोबत अ‍ॅडॉप्टर देणारे मॉडेल घ्या.

रिमोटवर चालणाऱ्या स्प्लिट एसीला अशा तारा नसतात. तिथे रिमोटचेच इन्फ्रारेड संकेत पाठवणारे, आर्द्रता मोजणारे छोटे नियंत्रक मिळतात आणि ते बरेच स्वस्त पडतात. बहुधा हे संकेत एकतर्फी असतात: एसीने आज्ञा पाळली की नाही, हे नियंत्रकाला कळत नाही. तो एसीसमोर, मधे काही आड न येता बसवावा लागतो, आणि आपल्या एसीचा ‘ड्राय’ मोड त्याला चालवता येतो का, हे आधी विचारून घ्यावे.

एसीने आर्द्रता कमी होते ती गार कॉइलवर पाणी जमून खाली निथळल्यामुळे. एक लिटर पाणी असे काढायला सुमारे ०.६८ युनिटइतकी उष्णता हवेतून ओढावी लागते, त्यामुळे हे काम सावकाशच होते. कॉम्प्रेसर सुरू झाल्यावर कॉइल ओली होऊन पाणी निथळू लागेपर्यंत काही मिनिटे जातात. खोलीच्या मानाने एसी मोठा असेल, तर तापमान तेवढ्यातच गाठले जाते, कॉम्प्रेसर थांबतो आणि हवा गार पण चिकट राहते. त्यात पंखा ‘ऑन’वर, म्हणजे सतत चालू, ठेवला असेल, तर कॉइलवरचे पाणी पुन्हा वाफ होऊन खोलीत येते. पंखा ‘ऑटो’वर ठेवणे हा फुकटचा आणि गुणकारी उपाय आहे. आर्द्रतेप्रमाणे एसी जास्त वेळ चालवणारा थर्मोस्टॅट खोली ठरवलेल्या तापमानापेक्षा एखाद-दोन अंश जास्त गार करतो. ही मर्यादा आपल्याला बदलता येते का, ते बघा. नाही तर रात्री कुडकुडावे लागेल.

थंड हवेत प्रश्न उलटतो. बाहेर शून्य अंश आणि ८० टक्के आर्द्रता असलेली हवा घरात येऊन २१ अंशांपर्यंत तापली की तिची आर्द्रता जेमतेम २० टक्के उरते. म्हणून लोक ह्युमिडिफायर वाढवतात, आणि मग खिडक्या व भिंतींचे कोपरे ओले होतात. त्यासाठी दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतले बाष्प पाणी होऊन जमू लागते ते तापमान, पाहावा. आर्द्रता ५० टक्क्यांहून जास्त असताना एक सोपा हिशेब चालतो: १०० पासून दर ५ टक्के कमी म्हणजे दवबिंदू तापमानाच्या एक अंश खाली. २१ अंश आणि ६० टक्के असताना दवबिंदू १३ च्या आसपास येतो. खिडकीची काच त्याहून थंड असेल तर पाणी धरणारच. १५ अंशांच्या कोपऱ्यात पाणी दिसणार नाही, पण तिथल्या पृष्ठभागालगतची आर्द्रता ८८ टक्क्यांवर पोचलेली असते आणि बुरशीला ८० पुरतात. बाहेरच्या तापमानाप्रमाणे आर्द्रतेचे लक्ष्य आपोआप खाली आणणारा थर्मोस्टॅट असेल, तर ह्युमिडिफायरच्या टर्मिनलसाठी मोजलेले पैसे कारणी लागतात. ती सोय नसेल, तर थंडीत लक्ष्य ३० ते ४० टक्क्यांच्या मध्ये ठेवून सकाळी काचा बघाव्यात. पाणी दिसले तर आणखी पाच टक्के उतरवावेत.

अ‍ॅपविषयी दोनच गोष्टी. बरेच स्वस्त थर्मोस्टॅट फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फायवर चालतात, आणि कंपनीचा सर्व्हर बंद पडल्यावर आर्द्रतेची मर्यादा भिंतीवरूनच बदलता येते का, हे विकत घेण्याआधी माहिती पुस्तिकेत शोधावे.

सेन्सरमधला पॉलिमर पाण्याच्या वाफेखेरीज इतर वाफाही शोषतो. रंग, पॉलिश, थिनर, फवारून पुसायची द्रावणे यांमुळे आकडा सरकतो, आणि कधी कधी कायमचा. रंगकाम निघाले की वीज बंद करून थर्मोस्टॅट भिंतीवरच्या पट्टीवरून काढा आणि वास पूर्ण जाईपर्यंत दुसऱ्या खोलीत ठेवा. पुसताना द्रावण त्यावर फवारू नका. किंचित ओलसर कापड पुरते.